घसरगुंडी नेमकी कोठे आहे?

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: स्वातंत्र्य एका रात्रीत जात नाही, ते हप्त्याहप्त्याने जाते. आधी सरकार औषधपाणी फुकट देते, मग सीटबेल्टची सक्ती करते, मग तुमच्या नोंदी ठेवू लागते आणि शेवटी दारात पोलीस उभा राहतो. हे काम नेहमी डावी विचारसरणीच करते. बाजार जितका मोकळा तितका माणूस मोकळा. आणि सरकारने एकदा घेतलेला अधिकार कधीच परत मिळत नाही. शेवटी साक्षीला अर्थशास्त्रज्ञ हायेक यांचे नाव जोडलेले असते. या मजकुरामागची भीती मला खोटी वाटत नाही, कारण नागरिकांविषयीची जेवढी माहिती आजच्या सरकारांच्या हाती आहे तेवढी पूर्वीच्या कोणत्याही सम्राटाला मिळाली नव्हती. पण त्यात बोट भलत्याच दाराकडे दाखवले आहे, आणि चोर दुसऱ्या दाराने आला तर हा मजकूर पाठ केलेला माणूस त्याला ओळखणार नाही.

पहिला दावा कल्याणकारी योजनांपासून दास्यापर्यंत जाणाऱ्या घसरगुंडीचा. ही घसरगुंडी खरी असती, तर सर्वाधिक कर घेणारे आणि सर्वाधिक सेवा देणारे देश आज सर्वांत जखडलेले दिसायला हवे होते. प्रत्यक्षात फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन हे देश फ्रीडम हाऊस या देशोदेशीचे स्वातंत्र्य मोजणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या वार्षिक पाहणीत वर्षानुवर्षे अगदी वरच्या स्थानांवर आहेत. ब्रिटनने 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत तेथे सरकारे मतपेटीतून आली आणि मतपेटीतूनच गेली. स्वतः हायेक यांनी 1944 साली जो इशारा दिला, तो संपूर्ण अर्थव्यवस्थेचे नियोजन केंद्राच्या हाती देण्याविरुद्ध होता. अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी आणि आजारपण किंवा अपघातासाठी सरकारच्या मदतीने उभारलेला सामाजिक विमा यांना त्यांनी त्याच लिखाणात मान्यता दिली होती. साक्षीदाराची साक्ष अर्धीच वाचली की असे होते. सीटबेल्टविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

दुसरा दावा असा की, दमन ही केवळ डाव्यांची मिरास आहे. सोव्हिएत संघाने 1932 साली अंतर्गत पारपत्राची पद्धत आणून नागरिकांना एका गावातून दुसऱ्या गावी राहायला जाण्यासाठीही परवानगी घ्यायला लावले, आणि पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेत अखेरच्या वर्षी सुमारे 91 हजार पूर्णवेळ कर्मचारी होते. हे नाकारण्यात अर्थ नाही आणि ज्यांना ते नाकारावेसे वाटते त्यांच्याशी माझे जमत नाही. परंतु याच कहाणीची दुसरी बाजू जर्मनीतच 1933 साली दिसते आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. 27 फेब्रुवारीच्या रात्री संसदेची इमारत पेटली. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या आणीबाणीविषयक 48 व्या कलमाचा आधार घेऊन एक अध्यादेश निघाला आणि व्यक्तिस्वातंत्र्य, घराची अभेद्यता, टपालाची गुप्तता, भाषण, सभा, संघटना आणि मालमत्ता यांची हमी देणारी सात कलमे ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित झाली. तो पुढील आदेश नाझी राजवट कोसळेपर्यंत आलाच नाही. 23 मार्च रोजी सर्वाधिकार देणारा कायदा मतदानाला आला तेव्हा कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा होते, आणि विरोधात जी 94 मते पडली ती सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती, म्हणजे हा मजकूर ज्यांना दास्याचे ठेकेदार ठरवतो त्यांचीच. या साऱ्या घटनाक्रमात कोणतीही आरोग्य योजना वा निवृत्तिवेतन कोठेच येत नाही. दार उघडले ते आणीबाणीच्या तरतुदीने. भारतात 1975 साली तेच दार वापरले गेले, तेव्हाही किल्ली राज्यघटनेतच होती.

बाजार मोकळा असला की माणूस मोकळा होतो, या तिसऱ्या दाव्याला चिलीचे उदाहरण पुरेसे आहे. 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने सत्ता घेतल्यानंतर तेथे किंमतींवरील नियंत्रणे उठली, सरकारी उद्योग विकले गेले, 1981 पासून निवृत्तिवेतनाचेही खासगीकरण झाले. आणि त्याच वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. सरकार अर्थव्यवस्थेतून मागे सरकत होते आणि त्याच वेळी शयनगृहापर्यंत आत येत होते. शिवाय ‘खासगी’ आणि ‘सरकारी’ यांच्यातील भिंत या मजकुराला वाटते तितकी जाड नाही. 2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबाइलवरून मिळणारा माणसाच्या हालचालींचा दीर्घ तपशील कंपनीकडून मागायचा असेल तर पोलिसांना सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट लागेल. त्यानंतरही तेथील सरकारी यंत्रणा अशाच स्वरूपाची माहिती दलालांकडून सरळ पैसे मोजून विकत घेत राहिल्या. जे मागता येत नाही ते विकत घेता येते, आणि ही वाट मोकळ्या बाजारातूनच जाते.

राहिला चौथा दावा, एकदा गेलेला अधिकार परत मिळत नाही हा. चौघांत हाच सर्वांत वजनदार आहे. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2015 च्या हल्ल्यांनंतर लागू झालेली आणीबाणी जवळजवळ दोन वर्षे चालली आणि ती उठवताना तिच्यातील कित्येक तरतुदी सामान्य कायद्यात मुरवून घेण्यात आल्या. तात्पुरते म्हणून आलेले पाहुणे मुक्काम ठोकतात, हे खरेच आहे. मात्र ‘कधीच नाही’ हा शब्द टिकत नाही. भारतात 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी पुकारण्याचे ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ असा शब्द घातला, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले.

याहून बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. महायुद्ध सुरू होताच 1939 साली तेथे ओळखपत्रे सक्तीची झाली, तीही हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांच्या काळात. युद्ध संपले तरी मजूर पक्षाच्या सरकारने ती चालू ठेवली. पोलिसांना ती मागायची सवय लागली. 7 डिसेंबर 1950 रोजी लंडनच्या फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक यांची मोटार एका शिपायाने अडवली आणि ओळखपत्र मागितले. आपण लिबरल आहोत आणि असल्या प्रकाराला आपला विरोध आहे, असे सांगून विलकॉक यांनी ते दाखवण्यास नकार दिला. 1951 साली प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कायद्याच्या अक्षरापुढे विलकॉक हरले. निकाल देताना मुख्य न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी मात्र पोलिसांना फटकारले: सुरक्षेसाठी केलेला कायदा भलत्याच कामासाठी वापरला तर कायदा पाळणारी माणसे कायदा मोडणारी होतात. विलकॉक दोषी ठरले खरे, पण त्यांना शिक्षा काहीच झाली नाही. पुढच्याच वर्षी, 21 फेब्रुवारी 1952 रोजी, ओळखपत्राची सक्ती संपली. तोवर सरकार पुन्हा हुजूर पक्षाचे आले होते, आणि आरोग्य सेवा चालूच होती.