डबा भरलेलाच परत यावा

घरात दहावीतली मुलगी आणि बारावीतला मुलगा असेल, तर त्यांच्या खाण्यापिण्याकडे बारीक लक्ष ठेवा. म्हणजे त्यात काही बदल होणार नाही याकडे.

सकाळी चहा-खारी. क्लास सातचा असतो, पोहे कोण करत बसणार? जेवणानंतरही लगेच चहा द्या. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही म्हणतात. पण म्हणणारे तेच, जे पालेभाजीवर लिंबू पिळा सांगतात.

डब्यात पोळी-भाजी द्याच, फक्त सोबत पन्नासची नोट विसरू नका. डबा जसाच्या तसा परत येतो आणि रात्री तीच भाजी बाबांना वाढता येते. शाळेपासून ५० मीटरच्या आत अति तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. हरकत नाही, मंचुरियनची गाडी ५१व्या मीटरवर असते. तेवढंच चालणं होतं.

मुलगा ‘वाढत्या वयाचा’ असतो. त्याला दोन अंडी, वरणभातावर तुपाची धार आणि प्रोटीनचा महागडा डबा. जिममधल्या दादाने सांगितलाय, तोच विकतोही. उसळीत प्रथिनं असतात हे कळू देऊ नका, पोराचा हिरमोड होईल.

मुलीचं वय बहुधा वाढत नसावं. तिला एवढंच म्हणा, ‘जरा सुटायला लागलीस हं,’ आणि तेही मावशीसमोर. दुसऱ्या दिवसापासून भात बंद. रात्री अर्धी पोळी, तीही चिवडून. पाहुण्यांपुढे ‘काही खातच नाही हो ही’ अशी तक्रार करायची. सूर मात्र कौतुकाचा हवा. जोडीला चतुर्थी, एकादशी लावून द्या.

काळजी करू नका, बहुमत आपल्याच बाजूने आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलगे ३१ टक्के. म्हणजे तुपाची धारही पुरी पडत नाही, पण तो विषय नको.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती दप्तराच्या कप्प्यातच राहू द्या. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि पोट रिकामं ठेवायची सोय आपण केलेलीच आहे.

एवढं करून प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडलीच, तर रक्त तपासायच्या आधी तिचा मोबाईल काढून घ्या. सगळ्याचं मूळ तोच.