बिलं आम्ही भरली, आणि आता आम्हीच नकोशा?

२०२१ च्या जुलैमध्ये टिफनी या अमेरिकेतल्या नामांकित दागिन्यांच्या कंपनीनं न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या भिंतींवर पोस्टरं लावली. साध्या टी-शर्टातल्या तरुण मुली, अंगावर टिफनीचे दागिने आणि मोठ्या अक्षरांत एकच ओळ: 'नॉट युअर मदर्स टिफनी'. हे तुझ्या आईचं टिफनी नव्हे! आज इतक्या वर्षांनीही ती ओळ आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोण ही आई? तिच्या बोटात टिफनीची अंगठी आहे, सहा बारीक नख्यांवर हिरा उचलून धरणारी, १८८६ पासून टिफनी जिचा अभिमान मिरवते ती. ती अंगठी कुणीतरी महिनोन् महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली असते. मग मुलीच्या पदवीला गळ्यातली साखळी त्याच दुकानातून, सुनेला कानातलं तिथूनच. पोस्टर लागलं त्याच वर्षी, जानेवारीत, एलव्हीएमएच या फ्रेंच समूहानं टिफनी विकत घेतली होती, सुमारे १५.८ अब्ज डॉलर मोजून. एवढे पैसे कशाचे? हिरे बाजारात इतरत्रही मिळतात. पैसे मोजले ते १८३७ पासून चालत आलेल्या नावाचे, आणि ते नाव टिकवलं या आयांनी आणि आज्यांनी. नाव विकत घेतलं आणि ज्यांनी ते मोठं केलं त्यांनाच सहा महिन्यांत जुनाट ठरवून भर रस्त्यात जाहीर केलं.

हा प्रयोग आधी होऊन गेलाय. १९८८ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाडीची अशीच जाहिरात झाली होती, 'ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे' म्हणून. तरुण मंडळी काही त्या गाडीकडे वळली नाहीत आणि २००४ मध्ये शेवटची ओल्ड्समोबिल कारखान्यातून बाहेर पडली. हे सगळं जगासमोर घडलेलं असताना टिफनीच्या खोल्यांमध्ये बसून कुणालाच वाटलं नाही की आपण आपल्याच गिऱ्हाइकांचा अपमान करतोय?

एक गोष्ट आधीच सांगते. मला तरुण मुलींचा राग नाही. त्यांनी घ्यावं, हौसेनं घालावं, मिरवावं. माझी भाचीच घेते. माझा राग आहे तो या कंपन्यांवर, ज्या एका पिढीला खूश करायला दुसरीचा पाणउतारा करतात.

मी मूळची सांगलीची, लंडनमध्ये बरीच वर्षं डॉक्टर आहे. आमच्या घरी उधळपट्टी कधीच नव्हती. एक घ्यायचं, चांगलं घ्यायचं आणि जन्मभर वापरायचं, ही आईची शिकवण. त्याच हिशेबानं कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलातली वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, झाल्यावर मी पॅरिसच्या एका नामांकित घराण्याची पर्स घेतली. पुढे त्यांच्याकडूनच पाकीट, पट्टा, बहिणीला स्कार्फ, आईच्या पंच्याहत्तरीला शाल. दरवर्षी नाही, पण प्रत्येक मोठ्या प्रसंगाला तिथेच गेले. तिथल्या सेल्सवुमनला माझ्या आवडीनिवडी पाठ होत्या, आईची तब्येत ती नावानिशी विचारायची.

मध्यंतरी त्या पर्सच्या हँडलची शिवण उसवली. दुकानात गेले तर दारातच प्रश्न, अपॉइंटमेंट आहे का? नव्हती. थांबा. आत घेतल्यावर संगणकात बघून सांगितलं, तुमची प्रोफाइल दिसत नाही. माझी सेल्सवुमन निवृत्त झाली होती आणि नव्या सिस्टीममध्ये माझ्या खरेदीची एकही नोंद आली नव्हती. म्हणजे इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक एका दिवसात अनोळखी झालं! मग त्या पोरानं हातमोजे घालून माझी पर्स उलटीसुलटी केली, शिक्के बघितले, टाके बघितले, मूळ पावती मागितली. त्याला शंका होती की पर्स नकली आहे. त्यांच्याच दुकानातून घेतलेली पर्स! मी उभी. शेजारच्या सोफ्यावर विशीतला एक मुलगा फोनवर व्हिडिओ काढत बसलेला, त्याच्यासमोर शॅम्पेनचा ग्लास आणि त्याच्या दिमतीला दोन माणसं. त्याला दिलं त्याचं मला काहीच वाटलं नाही. मला साधं 'बसा' म्हणायलाही कुणाला सुचलं नाही, याचं वाटलं. शेवटी उत्तर काय मिळालं? या मॉडेलचं चामडं आता येत नाही, दुरुस्ती होणार नाही, नव्या सीझनच्या बॅगा दाखवू का?

हँडलची शिवण! चामडं नको, बक्कल नको, दोन इंच शिवण हवी होती. ज्या घराण्याच्या प्रत्येक जाहिरातीत म्हातारे कारागीर सुई-दोरा घेऊन बसलेले दिसतात, पिढ्यान् पिढ्या टिकणारी वस्तू म्हणून ज्यांनी ती मला विकली, त्यांना दोन इंच शिवण घालता येत नाही?

सांगलीच्या आमच्या सराफांकडे आजीच्या पाटल्यांची नोंद आईच्या लग्नात निघाली होती. तोळे, घडणावळ, तारीख, सगळं. नात दागिना घेऊन गेली तर तिला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि तुटलेला सांधा जोडून दागिना परत मिळतो. आणि ज्यांची जगभर शेकडो दुकानं आहेत त्यांच्याकडे माझं नाव सापडत नाही.

बरं, किमतींचं बोलू या. शनेल या फ्रेंच फॅशन घराण्याची मधल्या मापाची 'क्लासिक फ्लॅप' पर्स २०१९ मध्ये अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या आत मिळत होती. २०२३ मध्ये तीच पर्स दहा हजारांच्या वर गेली. तीच चौकटीची शिवण, तीच साखळी, आणि चार वर्षांत अशी वाढ. नोकरी करणाऱ्या कुठल्या बाईचा पगार चार वर्षांत असा वाढला? आमच्या हॉस्पिटलमधल्या वॉर्ड सिस्टर, शाळेतल्या मुख्याध्यापिका, बँकेतल्या मॅनेजर, ज्या दहा वर्षांतून एकदा अशी वस्तू घ्यायच्या आणि जिवापाड जपायच्या, त्या सगळ्या यातून बाहेर फेकल्या गेल्या. वर सांगतात, तुमच्या जुन्या पर्सची किंमतही वाढली की! मला ती विकायची नाहीये. मी शेअर घेतला नव्हता, पर्स घेतली होती. आणि एप्रिल २०२१ पासून घेतलेल्या पर्सांना शनेलनं पाच वर्षांची हमी दिली. चांगलं केलं. पण ज्यांनी त्याआधी तीस वर्षं घेतल्या, त्यांच्या वाट्याला ती हमी नाही.

याच शनेलच्या वित्तप्रमुखांनी २०२२ च्या मे महिन्यात सांगितलं की सर्वात मोठ्या ग्राहकांसाठी खाजगी दुकानं काढणार, सुरुवात आशियातून. कारण काय, तर जुन्या ग्राहकांना जपायचंय. जपायचंय कुणाला? वर्षाला लाखो खर्च करणाऱ्यांना. बेन या सल्लागार कंपनीच्या अभ्यासानुसार वरचे दोन टक्के ग्राहक या महागड्या, चैनीच्या वस्तूंच्या बाजारातली सुमारे चाळीस टक्के विक्री देतात. तेवढ्यांसाठी मागचं दार, वेगळी लिफ्ट, विमानाची तिकिटं, फॅशन शोच्या पहिल्या रांगेतली खुर्ची. या लोकांच्या हिशेबात निष्ठा म्हणजे गेल्या बारा महिन्यांतला खर्च. त्याआधीची पंचवीस वर्षं शून्य. एक वर्ष आजारपणात गेलं, मुलाची फी भरण्यात गेलं, की तुमचं नाव खाली सरकलं.

एर्मेस या दुसऱ्या फ्रेंच घराण्याची तऱ्हा वेगळी. त्यांची बर्किन ही प्रसिद्ध पर्स हवी असेल तर पैसे घेऊन जाऊन चालत नाही. आधी स्कार्फ घ्या, चपला घ्या, कपबश्या घ्या, घोड्याचं ब्लँकेट घ्या, मग सेल्समनच्या मनात आलं तर पर्स 'देऊ करतील'. ही पद्धत दुकानाच्या पाटीवर कुठे लिहिलेली नसते, पण घेणाऱ्या प्रत्येकीला माहीत असते. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात यावरून ग्राहकांनी खटला भरला. तो पुढे कोर्टात टिकला नाही. कायद्यात बसत असेल, पण म्हणून शिकल्यासवरल्या, कमावत्या बाईनं काउंटरवरच्या माणसाची मर्जी सांभाळत बसायचं? एक मात्र मान्य करते, एर्मेस जुन्या पर्सा दुरुस्त करून देतं. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मला सर्वात जास्त दुःख झालं ते सेलीन या फ्रेंच फॅशन घराण्याचं. डिझायनर फीबी फायलोनं २००८ मध्ये तिथली सूत्रं हाती घेतल्यानंतर जे कपडे केले ते आमच्यासारख्या बायकांसाठी होते. ऑपरेशन संपवून मीटिंगला जाता येईल असे कोट, हात वर करता येईल अशा बाह्या, सपाट चपला. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायकांकडे कुणीतरी पहिल्यांदा माणूस म्हणून बघत होतं. २०१५ च्या जानेवारीत त्यांच्या जाहिरातीत ऐंशी वर्षांची अमेरिकन लेखिका जोन डिडियन होती, काळा गॉगल, काळा स्वेटर, सुरकुत्या तशाच. मी तो फोटो कापून कपाटाच्या आत लावला होता. मग फायलो सेलीन सोडून गेली, तिच्या जागी एदी स्लिमान हा डिझायनर आला. जुने फोटो इन्स्टाग्रामवरून पुसले, लोगो बदलला आणि सप्टेंबर २०१८ च्या पहिल्या शोमध्ये विशीतल्या काटकुळ्या मुली मांड्यांपर्यंतच्या फ्रॉकमध्ये चालल्या. डिझायनर बदलतो, मान्य. पण जिनं दहा वर्षं तुमचं दुकान चालवलं त्या बाईसाठी एक कोट ठेवायला काय जात होतं? एक विजार? तिथेही मालक तोच, एलव्हीएमएच. गरज सरो, वैद्य मरो.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या तरुण मुलांना तरी काय दिलं? त्यांना लिपस्टिक, कार्ड ठेवायचं पाकीट, छापील लोगोचं कॅनव्हास आणि दाराबाहेरची रांग. माझ्या भाचीनं पहिल्या पगारात घेतलेल्या पट्ट्याचं बक्कल वर्षभरात काळं पडलं. तिलाही तेच सांगितलं, नवीन बघा. बेनच्याच २०२४ च्या अहवालात आहे की दोन वर्षांत या बाजारानं सुमारे पाच कोटी ग्राहक गमावले, आणि पाठ फिरवणाऱ्यांत तरुण पुढे आहेत. आम्हाला हाकललं, त्यांना फसवलं. मग ताळेबंद वाईट आला की दोष चीनच्या मंदीला आणि डॉलरच्या भावाला.

माझी पर्स उत्तर लंडनमधल्या एका म्हाताऱ्या चामडेकाम करणाऱ्यानं दुरुस्त करून दिली. मेण लावलेला दोरा, हातानं टाके, जुन्या भोकांमधूनच. काम बघून मला रडू आलं, कारण हे इतकं सोपं होतं.

मला शॅम्पेन नको, खाजगी दालन नको, शोचं आमंत्रण नको. मी घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद जपा, माणूस बदललं तरी आणि सिस्टीम बदलली तरी. दुरुस्ती घेऊन आलेल्या बाईला चोरासारखं वागवू नका, तिला बसायला द्या. विकलेल्या प्रत्येक पर्सचा दोरा आणि बक्कल तीस वर्षं साठ्यात ठेवा, आणि दुरुस्तीचा खर्च किती, वेळ किती, ते दुकानात लिहून लावा. काहीही फुकट मागत नाहीये. पैसे देते, करून द्या.