‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा’: त्या फॉरवर्डवर घर मिळत नाही

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि आठवड्याच्या आत त्याचा मेसेज आला, “मावशी, आता भाड्याने घर घेणं एकदम सोपं झालंय, हे वाच.” खाली तोच फॉरवर्ड. तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मथळा ‘२०२५चे नवे भाडे नियम, देशभर लागू’. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. करार ६० दिवसांत नोंदवला नाही तर ५,००० रुपये दंड. तीन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय भाडं वाढवता येणार नाही. चोवीस तास आधी कळवल्याशिवाय मालकाने घरात यायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.

यावर त्याने हिशेबही मांडला होता. भाडं २४,०००, डिपॉझिट ४८,०००, म्हणजे ७२,००० झाले आणि खात्यात ८०,००० आहेत. वाकडला पहिलंच घर आवडलं. मालकांनी तीन महिन्यांचं डिपॉझिट सांगितल्यावर याने फोन काढून फॉरवर्ड समोर धरला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, फोन परत दिला आणि म्हणाले, “मग या कायद्याकडूनच घर घ्या.” गेलं घर.

मालक उद्धट होते हे मान्य. पण चुकीचे नव्हते.

फॉरवर्डमधले बहुतेक आकडे हवेतून आलेले नाहीत, ते मॉडेल टेनन्सी ॲक्टमधले आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला. दोन महिन्यांचं डिपॉझिट, भाडेवाढीची तीन महिन्यांची नोटीस, चोवीस तासांची पूर्वसूचना, हे सगळं त्यात आहे. पण नावातच ‘मॉडेल’ आहे. घरभाडं हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राने नमुना करून दिला आणि राज्यांना सांगितलं, यावरून तुमचे कायदे करा. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि राहत्या घराचं डिपॉझिट किती घ्यावं यावर त्यात वरची मर्यादा नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं मागतात, मुंबईत त्याहून जास्त, बंगळुरात तर दहा महिन्यांची प्रथा कित्येक वर्षं होती. हे सगळं बोलणीवर चालतं. कमी करून मागा, जरूर मागा, पण ‘कायदा आहे’ म्हणून नको.

गंमत म्हणजे त्याच मॉडेलमधलं एक कलम फॉरवर्ड करणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय. मुदत संपल्यावर भाडेकरूने घर सोडलं नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि त्यानंतर चौपट! आपल्या राज्याच्या कायद्यातही लायसन्सची (ठरावीक काळ राहायच्या परवानगीची) मुदत संपल्यावर अडून बसणाऱ्याला दुप्पट भरपाई आहेच. नुसत्या हक्कांची यादी फिरते, तेव्हा अशी कलमं आधी गळतात.

आता ५,००० रुपये दंडाबद्दल. हा आकडा खरा आहे, फक्त घर चुकलंय. तो १९९९च्या राज्य कायद्याच्या कलम ५५ मधला आहे आणि भाडेकरूसाठी अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात कामाचं कलम बहुधा हेच. करार, मग तो भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत. भाच्याने मालकांना हे कलम दाखवलं असतं तर निदान चहा तरी मिळाला असता.

साठ दिवसांची मुदतही मॉडेलमधलीच, तिथल्या भाडे प्राधिकरणाला कळवण्याची. आपल्याकडे सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो, १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे.

‘अकरा महिने म्हणजे नोंदणी नको’ हा समज मात्र फॉरवर्डच्या आधीपासूनचा, माझ्या वडिलांच्या पिढीपासूनचा. त्याचं मूळही त्या १९०८च्या कायद्यात आहे. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्याने सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी एक महिना छाटला. महाराष्ट्रात कलम ५५ आलं आणि ही पळवाट बुजली, कारण त्यात मुदतीची सूटच नाही. ११ महिन्यांचा असो की ३६ महिन्यांचा, नोंदवायचा. नोटरी केलेला कागद म्हणजे सह्या त्याच माणसांच्या आहेत एवढंच. तरीही एजंट बिनधास्त सांगतात, “नोटरीवर करू, खर्च वाचेल.” किती वाचतो ते पाहू. भाच्याच्या हातून गेलेल्या वाकडच्या घराचं उदाहरण घ्या. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००. परत मिळणाऱ्या ७२,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ते अकरा महिन्यांचं ६,६००. बेरीज २,७०,६००, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यावर किरकोळ शुल्क आणि अंगठे घ्यायला घरी मशीन घेऊन येणाऱ्याची फी. दोघांत वाटून घेतलं तर दोन पिझ्झ्यांचे पैसे. त्या बदल्यात हातात येतो तो दस्त पासपोर्टला, बँकेला, ऑफिसात एचआरएला (घरभाडे भत्त्याला) चालतो.

(एचआरए म्हटलं म्हणून: नव्या कर प्रणालीत त्यावरची करसवलत मिळत नाही. जुनीत असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो घर ठरवतानाच मागा. मार्चमध्ये मागितला की मालक गावाला गेलेले असतात.)

भाडेवाढ आणि मालकाचं येणं-जाणं याबाबत करारात लिहाल तेच चालतं. ‘नूतनीकरणाच्या वेळी पाच टक्के’, ‘येण्याआधी फोन’, ‘दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस’, एकेक ओळ पुरते. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात मध्येच घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे ते मात्र स्वतः वाचा.

फॉरवर्डचा खरा दोष मला वेगळाच वाटतो. पहिल्या दिवशी एकूण किती पैसे लागतात याबद्दल त्यात चकार शब्द नाही. ब्रोकरेज एक महिन्याचं, २४,०००. डिपॉझिट ७२,०००, पहिलं भाडं २४,०००. इथेच १,२०,००० झाले. मग करार, टेम्पो, सोसायटीचे सामान चढवायचे पैसे, पडद्यांचे रॉड, गॅस. ८०,००० घेऊन निघालेला मुलगा अडकणारच. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हेही पहिल्या फोनवर विचारायचं. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते सभासदाचे, म्हणजे मालकाचे. २००१च्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम, ते ऑनलाइन होतं.

आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं का तीनचं, यापेक्षा ते परत किती येतं हे मी महत्त्वाचं धरते. कोथरूडचं घर सोडताना माझ्या हातात ११,००० कमी आले. कारण, स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भिंतीवर पिवळा पट्टा. तो पट्टा मी राहायला गेले तेव्हाही होता, त्याच्यावर मी कॅलेंडर लावलं होतं. पण फोटो नव्हता. “कॅलेंडरमागे लपवलंत ना?” असं विचारल्यावर मी काय बोलणार? तेव्हापासून सामान आत यायच्या आधी रिकाम्या घरात फिरून व्हिडिओ काढते: पंखे, गीझर, जाळ्या, सिंकखालचा पाइप, मीटरचा आकडा. त्याच दिवशी तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवते, म्हणजे तारीख आपोआप पडते. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, हे करारात लिहून घेते. महावितरणचं मागचं बिल बघते, थकबाकी आधीच्याची असेल तर आधी भरायला लावते.

भाड्याचा आकडा महिन्याला ५०,०००च्या वर असेल तर आणखी एक काम तुमच्या गळ्यात: भाड्यातून २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावचा आयकर, कापून भरायचा. ऑक्टोबर २०२४ आधी तो ५ टक्के होता. भाच्याला ती काळजी तूर्त नाही.

त्याला शेवटी पिंपळे सौदागरला घर मिळालं, डिपॉझिट अडीच महिन्यांवर तुटलं. उरलेले पैसे त्याच्या आईने पाठवले. करार २२ महिन्यांचा, नोंदवलेला. थम्ब घ्यायला मुलगा मशीन घेऊन आला तेव्हा मालकीणबाईंचा अंगठा काही केल्या उमटेना. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाल्या. ओल्या फडक्याने पुसून, मग तर्जनी, मग मधलं बोट, चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. भाचा तोवर सिंकखाली वाकून पाइपचा फोटो काढत होता.