शीलेने ऑक्सिजनचा शोध दडवला नव्हता

'ऑक्सिजन शीलेला आधी सापडला, पण त्याने तो दडवून ठेवला' असा मजकूर फिरतोय. पहिला भाग खरा, दुसरा साफ चुकीचा. स्वीडनमधल्या या औषध बनवणाऱ्याला हा वायू १७७२ च्या सुमारासच मिळाला होता. हाच वायू मिळवणाऱ्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीचा प्रयोग ऑगस्ट १७७४ मधला, पण तो १७७५ मध्ये छापूनही आला. हा शोध मांडणारं शीलेचं पुस्तक मात्र छापखान्यात रखडलं, स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्गमनच्या प्रस्तावनेसाठी थांबलं आणि थेट १७७७ मध्ये निघालं. शिवाय दडवायचंच असतं, तर ३० सप्टेंबर १७७४ ला त्याने फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला पत्र कशाला लिहिलं असतं? नत्राम्लात (नायट्रिक ॲसिडमध्ये) विरघळवलेल्या चांदीचा साका धुऊन वाळवा, भिंगाने तापवा आणि निघालेल्या हवेत मेणबत्ती जळते का, प्राणी जगतो का ते पाहा, अशी अख्खी कृतीच त्यात दिलेली आहे!