व्यवहार तुम्ही स्वतः केलात

लंडनच्या एका बँकेत मी रेग्युलेटरी रिलेशन्समध्ये आहे. घरी हे सांगितलं की प्रश्न ठरलेला: "म्हणजे लायझनिंग का गं?" आपल्याकडे त्या शब्दाला एक वास आहे, विचारणाऱ्याची चूक नाही. प्रत्यक्षात काम बरंचसं कारकुनी. नियामकाचं पत्र येतं, उत्तर कोण देणार ते ठरवायचं, सात विभागांकडून माहिती उपसून काढायची आणि मसुद्यातले 'काही ग्राहक', 'किरकोळ विलंब' असले शब्द खोडून तिथे आकडे घालायचे. इथल्या एफसीएच्या, म्हणजे बँकांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाच्या, अकराव्या तत्त्वाप्रमाणे नियामकाला जे कळायला हवं, ते त्याने विचारायची वाट न बघता सांगावं लागतं. 'विचारलंच नव्हतं' ही सबब चालत नाही.

गेल्या वर्षी काकांना 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी, दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं. आरटीजीएस त्यांनी स्वतःच केलं. मग बँकेचं उत्तर आलं, ते त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. सव्वा पान, अत्यंत नम्र, आणि सगळा अर्थ एका वाक्यात: सदर व्यवहार आपण स्वतः केलेला असल्याने बँक जबाबदार नाही. मला राग यायला हवा होता. आधी ओळख पटली. असली वाक्यं मीही लिहिली आहेत.

आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा फसलेल्या माणसाभोवतीच फिरते. एवढे शिकलेले, तरी फसले कसे? मग जनजागृती, कॉलर ट्यून, १९३० हा मदत क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराला खरंच बरंच दिलं. तुमची वा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर तोशीस नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भारही बँकेवरच. पण ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांचं आहे. धाकाने का होईना, बटण तुम्ही दाबलंत की तुम्ही त्याच्या बाहेर.

ब्रिटनमध्येही फार वर्षं बँकांचं हेच उत्तर असायचं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ते चालत नाही. देशातल्या देशात फसवून पैसे पाठवायला लावले असतील, तर बँकेने ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत. ग्राहकाने अगदीच बेपर्वाई केली असं म्हणायचं तर ते बँकेने सिद्ध करायचं. मात्र खरी मेख पुढेच आहे: भरपाईची अर्धी रक्कम, पैसे ज्या बँकेत जमा झाले तिने भरायची.

या अर्ध्यामुळे काय झालं ते मी जवळून पाहिलं. आधी फसवणुकीवरची बैठक म्हणजे ॲपमधल्या इशाऱ्याचा कीस: लाल की नारिंगी, दोन ओळी की तीन. नियम लागू व्हायच्या सुमारास खाती उघडणाऱ्या विभागाचा माणूस त्या टेबलाशी येऊन बसला. तोवर त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी उघडलेल्या खात्यात अचानक मोठी रक्कम येते आणि वीस मिनिटांत चार ठिकाणी निघून जाते, ती अडवायची कोणी? प्रश्न जुनाच होता, पण आमच्या तक्त्यात त्याच्यासमोर खर्चाचा रकाना नव्हता.

फसवणुकीचे पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' बनवलं आहे. उत्तमच. पण खातं हुडकलं गेलं नाही तर भुर्दंड ग्राहकाला, असं असेल तोवर त्या कामासाठी माणसं मागणारा अधिकारी बजेटच्या रांगेत शेवटीच उभा राहणार.

'मग लोक बेफिकीर होतील' हा आक्षेप मला पटत नाही. दोन दिवस कॅमेऱ्यासमोर थरथरत बसलेला माणूस भरपाईचा हिशोब करून घाबरत नसतो.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं अजिबात नाही. भरपाईची मर्यादा आधी ४ लाख १५ हजार पौंड ठरली होती. पेमेंट कंपन्यांनी ओरड केली आणि नियम लागू व्हायच्या तोंडावर ती ८५ हजारांवर आली. निवेदनं लिहिणाऱ्यांत मीही होते. मुद्दे खोटे नव्हते, पण 'लहान कंपन्या बुडतील' हा कळवळा मोठ्या बँकेच्या पत्रात शोभत नाही, हे तेव्हाही जाणवत होतं. शिवाय ज्या पेमेंट सिस्टिम्स रेग्युलेटरने हा नियम आणला, तो एफसीएत विलीन करायचं सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं.

आणि 'आपल्याकडे हे जमणार नाही' म्हणणाऱ्यांना एकच आठवण. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली. इथे त्यासाठी मार्च २०२२ उजाडलं.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा काकांनी मला दाखवला. मी त्यात एक मुद्दा वाढवला: पैसे ज्या खात्यात गेले ते कधी उघडलं, आणि त्या बँकेने ते कधी गोठवलं? पहिल्याच ओळीत 'माझ्या चुकीमुळे' असं होतं, ते काढा म्हटलं. काकांनी काढलं नाही. खाली तिसऱ्या परिच्छेदात सरकवलं.