जिओचा वारस ठरवणे हा फक्त घरचा प्रश्न आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जिओच्या वारसाबद्दलच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी नीट वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: कंपनी अंबानींनी उभी केली, जोखीम त्यांनी घेतली, तेव्हा गादीवर मुलाला बसवायचे की परक्याला, हा त्यांच्या घरचा प्रश्न. बाहेरून आणलेला पगारी साहेब पुढच्या तिमाहीपलीकडे बघत नाही, मालकाचा मुलगा वीस वर्षांचा विचार करतो. आणि धंदा करणाऱ्याचे बरे झालेले मराठी माणसाला बघवत नाही, म्हणून असले लेख लिहिले जातात. पहिल्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे.

आधी एक स्पष्ट करतो. मुलगा नको, व्यवस्थापकच हवा, असे मी म्हटलेले नाही. वडील गेल्यावर कुमारमंगलम बिर्लांनी 1995 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी समूह हाती घेतला आणि तो कितीतरी पटींनी वाढवला. घरात जन्मलेला माणूस नालायक असतो असे त्यानंतर कोण म्हणेल? माझा प्रश्न आहे तो निवड कशी होते याचा. कोणत्या निकषावर, कुणासमोर, आणि नको म्हणायचा अधिकार कुणाकडे?

आपण 'घरचा प्रश्न' म्हणता, म्हणून याच घराचा इतिहास आठवू. धीरूभाई 6 जुलै 2002 रोजी गेले, मृत्युपत्र न करता. त्याच वर्षी 28 डिसेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, रिलायन्स इन्फोकॉमची (पुढे हिचेच नाव रिलायन्स कम्युनिकेशन्स झाले) मोबाइल सेवा सुरू झाली. ती कंपनी मुकेश यांनी स्वतः लक्ष घालून उभी केलेली होती. पुढे भावाभावांत फाटले आणि जून 2005 मध्ये आई कोकिलाबेन यांनी तडजोड घडवून आणली. त्या वाटणीत फोनचा धंदा गेला धाकट्या अनिल यांच्याकडे. म्हणजे ज्याने कंपनी बांधली त्याच्या हातून ती गेली. वाटणीत दोन्ही भावांना काय काय मिळते हे पाहिले गेले. फोनचा धंदा दोघांपैकी कोण चांगला चालवेल, हा प्रश्न भागधारकांसमोर कधी आलाच नाही.

त्याची किंमत पुढे बारा-तेरा वर्षे फेडली गेली. 2008 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सची दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएन या मोबाइल कंपनीशी एकत्र येण्याची बोलणी चालू होती. शेअर खरेदीचा पहिला हक्क आपला आहे, असे थोरल्या भावाच्या कंपनीने सांगितले आणि जुलैमध्ये ती बोलणी फिसकटली. एकमेकांच्या धंद्यात न उतरण्याचा दोघांमधला करार मे 2010 मध्ये रद्द झाला. पुढच्याच महिन्यात मुकेश यांच्या रिलायन्सने इन्फोटेल ब्रॉडबँडचा (हीच पुढे जिओ झाली) 95 टक्के हिस्सा 4,800 कोटींना घेतला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाली, आणि डिसेंबर 2017 उजाडेपर्यंत धाकट्या भावाच्या कंपनीने मोबाइलवरची बोलण्याची सेवा बंद केली होती. ग्राहक नंबर पोर्ट करायला धावले. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना कोपरखैरणेला एकाची नॉलेज सिटी आणि घणसोलीला दुसऱ्याचे कॉर्पोरेट पार्क दिसते, तेव्हा मला हा सगळा हिशेब दर वेळी आठवतो.

रिलायन्स कम्युनिकेशन्स केवळ वाटणीमुळे बुडाली, असा माझा दावा नाही. सुमारे 45 हजार कोटींचे कर्ज, सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानावर लावलेला डाव, दरयुद्ध, ही कारणे होतीच. पण धंद्याचा नकाशा भांडण मिटवण्यासाठी आखला गेला, आणि कंपनी त्या नकाशातून कधी बाहेर पडू शकली नाही.

आणि हे भोगले कुणी? विभाजनानंतर रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे या कंपनीचा एक शेअर भागधारकांना मिळाला होता. जानेवारी 2008 मध्ये त्याचा भाव आठशेच्या वर होता, पुढे तो दोन रुपयांच्याही खाली गेला. कर्जात सरकारी बँकांचा मोठा वाटा होता. 2019 मध्ये एरिक्सन या दूरसंचार यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीची थकबाकी न दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अनिल यांना अवमानाच्या प्रकरणी दोषी ठरवले, तेव्हा पैसे भरायला थोरला भाऊ मदतीला आला. भाऊ भावासाठी धावला याचे मला खरोखर बरे वाटले. शेअर घेऊन बसलेल्या निवृत्त कारकुनासाठी मात्र धावून येणारे कुणी नव्हते.

टेलिकॉम हा किराणा किंवा कापडाच्या पेढीसारखा धंदा नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल ज्यांवर चालतो त्या लहरी, जनतेचा आहे, कंपनी तो ठरावीक वर्षांसाठी लिलावात घेते. धंदा फसला की तिजोरीपर्यंत झळ पोचते. व्होडाफोन आयडियाची देणी सरकारने शेअरमध्ये बदलून घेतली आणि एप्रिल 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 48.99 टक्क्यांवर गेला. म्हणजे आज त्या कंपनीत कुणाही प्रवर्तकापेक्षा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकापेक्षा, सरकारचा, पर्यायाने आपला वाटा मोठा आहे. तिच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या कुमारमंगलम बिर्लांनी तिथले अध्यक्षपद ऑगस्ट 2021 मध्ये सोडले आणि घराबाहेरचे, पण याच धंद्यात मुरलेले हिमांशु कपानिया त्या खुर्चीवर आले.

आता जिओ. जून 2022 मध्ये आकाश अंबानी जिओ इन्फोकॉमचे अध्यक्ष झाले. त्याआधी 2014 पासून ते संचालक मंडळावर होते, म्हणजे सेवा सुरू होण्याच्याही आधीपासून. त्याच वेळी पंकज पवार यांना पाच वर्षांसाठी मॅनेजिंग डायरेक्टर नेमले. अध्यक्ष घरचा, रोजचा कारभार व्यवसायातल्या माणसाकडे, ही रचना मला चांगली वाटते आणि लेखातही मी तसे लिहिले होते. वडील कामावर असतानाच मुलांना जबाबदाऱ्या वाटून दिल्या, हेही 2002 च्या मानाने फार शहाणपणाचे झाले. तेवढे श्रेय द्यायलाच हवे.

पण या नेमणुकीवर सामान्य भागधारकाने मत दिले नाही, कारण जिओ इन्फोकॉम बाजारात नोंदलेली नाही. मताचा प्रसंग आला तो ऑक्टोबर 2023 मध्ये, तिन्ही मुलांना मूळ रिलायन्सच्या संचालक मंडळावर घेताना. आकाश आणि ईशा यांना 98 टक्क्यांहून अधिक मते पडली, अनंत यांना 92 टक्क्यांहून थोडी अधिक. अनंत यांचा अनुभव कमी आहे म्हणून भागधारकांना मतदानाबद्दल सल्ला देणाऱ्या काही संस्थांनी विरोधाची शिफारस केली होती. सुमारे निम्मे शेअर कुटुंबाकडेच असताना ठराव पडणे शक्यच नव्हते. तरीही ही चर्चा उघडपणे झाली, आकडे सगळ्यांना दिसले. मला हवे आहे ते एवढेच, फक्त नेमणूक ठरण्याच्या आधी.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांत नोंदणीकृत कंपनीच्या संचालक मंडळाने उत्तराधिकाराची योजना तयार असल्याची खात्री करावी असे म्हटले आहे. अध्यक्ष आणि मॅनेजिंग डायरेक्टर एकमेकांचे नातेवाईक नसावेत, असा नियम मोठ्या कंपन्यांना सक्तीचा होणार होता. उदय कोटक समितीच्या शिफारशीतून तो आला होता. आधी त्याची मुदत वाढवली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तो ऐच्छिक करून टाकला. माझ्या मते ती मोठी चूक झाली.

कागदावर सगळे लिहून ठेवले की भागते असेही नाही. कॅनडाच्या रॉजर्स कम्युनिकेशन्स या टेलिकॉम कंपनीचे उदाहरण मुद्दाम देतो. संस्थापक टेड रॉजर्स 2008 मध्ये गेले, पण धीरूभाईंसारखे मोकळे सोडून नव्हे. मतदानाचा हक्क असलेले बहुतेक शेअर एका कौटुंबिक ट्रस्टकडे होते. मुलगा एडवर्ड इच्छुक असतानाही मंडळाने घराबाहेरच्या नादिर मोहम्मद यांना प्रमुख केले. 2021 मध्ये एडवर्ड यांना तेव्हाचे प्रमुख जो नताले यांना हटवायचे होते. आई आणि दोन बहिणी विरोधात गेल्या, मंडळाने एडवर्ड यांनाच अध्यक्षपदावरून काढले. त्यांनी ट्रस्टच्या अधिकारात भागधारकांची सभाही न घेता पाच स्वतंत्र (म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेले) संचालक बदलून टाकले, आणि न्यायालयाने ते वैध ठरवले. नताले गेले. म्हणजे स्वतंत्र संचालक होते, योजना होती, आणि ज्या दिवशी त्यांनी नको म्हटले त्या दिवशी तेच गेले.

पगारी साहेबाला दूरचे दिसत नाही, या आपल्या मुद्द्याला एअरटेल उत्तर देते. गोपाल विठ्ठल मित्तल घराण्याचे नव्हेत, पण जिओच्या दरयुद्धात कंपनी त्यांनीच तगवली. त्यांच्यानंतर शाश्वत शर्मा जानेवारी 2026 पासून सूत्रे घेतील, हे ऑक्टोबर 2024 मध्येच जाहीर झाले होते. चौदा महिने आधी! बाजाराला, बँकांना, कर्मचाऱ्यांना पुढचा माणूस पारखायला इतका वेळ मिळाला आणि प्रवर्तक सुनील मित्तल अध्यक्ष म्हणून वर आहेतच.

राहिला मराठी माणसाचा मुद्दा. तो मला लागला, हे लपवत नाही. धीरूभाईंनी 1977 मध्ये शेअर विक्रीला काढले, तेव्हापासून गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून पैसे लावले. कूपरेज मैदानावरच्या सभांना गर्दी केली ती याच माणसांनी. 2015 पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या फंडांत जातो, आणि दोन्हींत रिलायन्सचे वजन मोठे आहे. पगारातून पीएफ कापला जाणारा प्रत्येक जण असा थोडा भागधारक आहे. आपणही असाल. स्वतःच्या पैशाबद्दल विचारणे हा मत्सर कसा?

शेवटी आपण विचारले आहे की जिओचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला तर मी अर्ज करणार का. ऑगस्ट 2025 च्या सभेत मुकेश अंबानींनी 2026 च्या पहिल्या सहामाहीचे उद्दिष्ट सांगितले होते. अर्ज करण्याची माझी इच्छा आहे, कारण कंपनी उत्तम आहे. माहितीपत्रक हाती आले की आधी तीन गोष्टी शोधेन: अध्यक्ष आणि मॅनेजिंग डायरेक्टर पुढेही वेगळे राहतील असे कुठे बांधून घेतले आहे का, संचालकांची नावे सुचवणाऱ्या नामांकन समितीत स्वतंत्र संचालक कोण आणि किती, आणि प्रवर्तकांना त्यांना एका सहीने काढता येते का. तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल तर अर्ज करणार नाही.