खुन्यापेक्षा पोलिसांचाच राग आला

अमेरिकन सिरियल किलर जेफ्री डाहमरवरची ‘डाहमर’ मालिका खुन्याचं उदात्तीकरण करते, असं तुमच्याकडच्या लेखात म्हटलंय. अर्धंच पटलं. मला तर पोलिसांचाच जास्त संताप आला. मे १९९१, अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. १४ वर्षांचा लाओशियन मुलगा रस्त्यावर उघडा, धड बोलताही येत नाही. कृष्णवर्णीय मुली जीव तोडून सांगताहेत की तो संकटात आहे, आणि पोलीस त्याला गोऱ्या डाहमरच्याच हवाली करतात! जवळच राहणाऱ्या ग्लेंडा क्लीव्हलँडने पोलिसांना फोन केला, तर म्हणे तो मुलगा सज्ञान आहे. डाहमर तेव्हा प्रोबेशनवर (शिक्षेनंतर देखरेखीखाली मोकळा) होता, तेही याच मुलाच्या भावावरच्या अत्याचारासाठी. नाव तपासायला किती वेळ लागला असता? ते दोघे पोलीस बडतर्फ झाले, पण १९९४ मध्ये परत नोकरीवर. त्यातला एक पुढे चक्क पोलीस संघटनेचा अध्यक्ष! बाकी, ग्लेंडा खरं तर शेजारच्या इमारतीत राहायची, मालिकेने तिला डाहमरच्या भिंतीपलीकडे आणलंय. ते मात्र खपून जातं, तिची भूमिका करणाऱ्या नीसी नॅशमुळे.